किलकेनी: दोन दिवस, दोघी, अडीचशे युरो. सल्ला हवा आहे

घाटमाथा

नमस्कार मंडळी. डब्लिनहून किलकेनीला एक मुक्काम करून यायचं आहे. माहिती अशी:

माणसं दोन. मी (विद्यार्थिनी, स्टुडंट लीप कार्ड, म्हणजे इथलं विद्यार्थ्यांचं प्रवासाचं कार्ड आहे) आणि आई (वय 64). आईला सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालणं सहज जमतं, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोत. दोघी शाकाहारी, अंडं चालतं. गाडी चालवणार नाही. सगळा खर्च मिळून 250 युरोंत बसवायचा आहे. तारीख ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार धरली आहे, पण बदलता येईल.

प्रश्न:
1. ट्रेन की बस?
2. हॉस्टेल की बी अँड बी (न्याहारीसह घरगुती मुक्काम)? कुठल्या भागात?
3. पैसे देऊन आत जाण्यासारखं काय आणि नुसतं बाहेरून पाहिलं तरी चालेल असं काय?
4. जवळपास अजून एखादं ठिकाण दुसऱ्या दिवशी होईल का?

आगाऊ धन्यवाद.

पायवाट

बाकी सगळं नंतर, आधी तारीख बदला. ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचा असतो. त्याला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी किलकेनीत सेव्हर नावाचा खाद्यमहोत्सव भरतो. गाव लहान, वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास. खोल्या मोजक्या. त्या दिवसांत जी खोली मिळेल ती महाग आणि गोंगाटाची असेल. शिवाय त्याच रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे पाचच्या सुमारास अंधार.

एरवीचे शनिवार-रविवारही तुमच्या बजेटला जड जातील. लग्नाआधीच्या मित्रमैत्रिणींच्या पार्ट्यांसाठी अख्ख्या देशातून लोक किलकेनीला येतात, त्यामुळे शुक्रवार-शनिवार रात्रीचे दर वेगळेच असतात. जूनच्या सुट्टीच्या सुमाराला विनोदी कार्यक्रमांचा महोत्सव आणि ऑगस्टमध्ये कला महोत्सव असतो, तेव्हाही हेच. (पुढे कुणी हा धागा वाचेल म्हणून लिहून ठेवते.)

माझा सल्ला: ऑक्टोबरचा पहिला बुधवार-गुरुवार. कारणं तीन. सरकारी वारसा खात्याच्या, म्हणजे ओपीडब्ल्यूच्या बऱ्याच वास्तूंमध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी प्रवेश मोफत असतो. त्या महिन्याच्या यादीत किलकेनीचा किल्ला आहे ना, हे हेरिटेज आयर्लंडच्या संकेतस्थळावर पाहून मगच खोली ठरवा. दुसरं, गुरुवारी सकाळी किल्ल्यासमोरच्या परेड नावाच्या रस्त्यावर शेतकरी बाजार भरतो. तिसरं, सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संग्रहालयं बंद झाल्यावरही नदीकाठी फिरायला उजेड उरतो.

रूळ_आणि_रस्ते

प्रश्न 1. आई बरोबर आहेत तर ट्रेन. बस स्वस्त पडते हे खरं, बऱ्याच बसगाड्या किल्ल्याजवळच्या ऑर्मंड रोडवरच सोडतात हेही खरं. पण बसमध्ये स्वच्छतागृह असेलच असं नाही आणि डब्लिनमधून बाहेर पडताना वाहतुकीत अडकली की वेळेचा भरवसा उरत नाही. ट्रेन दीड तासाच्या थोडी वर घेते.

काय काय चुकतं ते सांगतो.

गाडी ह्यूस्टन स्टेशनवरून सुटते, कॉनलीवरून नव्हे. शहरातून लुआसची, म्हणजे ट्रामची, लाल लाइन थेट ह्यूस्टनच्या दारात जाते. फलकावर 'किलकेनी' शोधत बसू नका. गाडी वॉटरफर्डची असते, किलकेनी मधलं स्टेशन. नवखे लोक फलकाखाली उभे राहून गाडी सोडतात ते याच गोंधळात.

तिकीट आयरिश रेलच्या संकेतस्थळावर आधी काढा. खिडकीवरच्या दरापेक्षा ते स्वस्त असतं आणि जागाही राखीव होते. सीटच्या वरच्या छोट्या पडद्यावर तुमचं नाव दिसतं. मात्र सगळ्यात स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला लागू असतं. ती चुकली की तिकीट गेलं. जाताना ते घ्या, परतीला थोडे पैसे जास्त पडले तरी बदलता येणारं घ्या. स्वतःचं तिकीट काढताना 'स्टुडंट' निवडा आणि कार्ड खिशात ठेवा, तपासनीस बघायला मागतो. लीप कार्डातल्या शिलकीवर हा प्रवास होत नाही. ती शिलक डब्लिन परिसरातल्या गाड्यांपुरती. किलकेनीचं वेगळं तिकीट लागतंच.

आईंचं तिकीट साध्या प्रौढ दराचं. आयर्लंडमध्ये ज्येष्ठांना प्रवास फुकट असतो असं ऐकलं असेल, पण ती सवलत तिथल्या रहिवाशांची आहे आणि 66 वर्षांपासून पुढे.

एक गमतीची गोष्ट: किलकेनी स्टेशनात रूळ संपतात. वॉटरफर्डकडे जाणारी गाडी आत शिरते, थांबते आणि आली त्याच दिशेनं बाहेर पडते. पुढे टॉमसटाउनला जाणार असाल तर गाडी उलटी निघाली म्हणून उठू नका, बरोबरच चाललेली असते.

दिवसाला गाड्या मोजक्याच, दोन गाड्यांमध्ये दोन-तीन तासांचं अंतर पडू शकतं. परतीची वेळ आधी पक्की करा आणि तिच्याभोवती दिवस बसवा. उलटं केलं की स्टेशनात बसून राहावं लागतं.

ओसरी

मुक्कामाबद्दल. किलकेनीत हॉस्टेलचे बेड फार थोडे, आणि जे आहेत त्यांतले बरेच वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत. दोघींचे दोन बेड आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी एखाद्या साध्या बी अँड बीतली ट्विन खोली यांत फरक थोडा पडतो. ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग, डबल म्हणजे एकच मोठा. बुकिंग करताना हे नीट वाचा. बी अँड बीत सकाळची न्याहारी धरलेली असते, ती दुपारपर्यंत पुरते. म्हणजे दोघींचे किमान पंधरा-वीस युरो वाचले. बुधवारी 80 ते 100 युरो धरून चाला.

भाग: स्टेशनकडून गावात येताना जॉन स्ट्रीट लागतो. दिसायला सोयीचा, पण रात्रीचे पब आणि क्लब तिथंच. बुधवारी फारसा त्रास नाही, शनिवारी झोप विसरा. पबच्या वरची खोली स्वस्त दिसली तर ती का स्वस्त आहे हे ओळखा. कॅसलकोमर रोड किंवा डब्लिन रोडच्या बाजूला, मध्यापासून दहा-पंधरा मिनिटांवरची घरं शांत असतात.

ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारून घ्या: खोली तळमजल्यावर मिळेल का, खोलीचा ताबा मिळण्याआधी बॅगा ठेवून घ्याल का, न्याहारी शाकाहारी मिळेल का. मधली गोष्ट महत्त्वाची, कारण स्टेशनवर सामान ठेवायची सोय गृहीत धरू नये आणि मोठी बॅग घेऊन किल्ल्यात वा कॅथेड्रलशेजारच्या गोल मनोऱ्यात फिरता येत नाही.

पायवाट

प्रश्न 3 चं उत्तर जरा लांब आहे.

गावाचा जुना भाग म्हणजे मुळात एकच रस्ता. दक्षिण टोकाला किल्ला, उत्तर टोकाला सेंट कॅनिस कॅथेड्रल, मध्ये जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची चाल. याला 'मिडिव्हल माइल' म्हणतात. शहरबसच्या दोन लाइनी आहेत, केके 1 आणि केके 2, त्यांवर लीप कार्ड चालतं. तुम्हाला त्यांची गरज पडेलसं वाटत नाही.

स्टेशनातून जॉन स्ट्रीटनं खाली या, जॉन्स ब्रिजवर थांबा. किल्ल्याचा सगळ्यात चांगला फोटो इथून येतो, खाली नोर नदी आणि वर बुरूज. पूल ओलांडून रोझ इन स्ट्रीटनं वर गेलं की परेड, आणि डाव्या हाताला किल्ला.

किल्ला म्हणून चढण असेल अशी काळजी करू नका. नदीकाठच्या उंचवट्यावर बांधलेला आहे आणि दारापर्यंत सपाट रस्ता आहे. दगडी किल्ला विल्यम मार्शलनं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा केला. चार कोपऱ्यांना चार बुरूज होते. 1650 मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या वेढ्यात पूर्वेची बाजू पडली, म्हणून आज बुरूज तीन आणि एक बाजू उघडी. त्या उघड्या बाजूनं अंगणातून थेट हिरवळ दिसते, अनेकांना वाटतं की मुद्दाम तसं बांधलंय. 1391 पासून तो बटलर घराण्याकडे होता. 1935 साली आतल्या सामानाचा लिलाव झाला आणि 1967 मध्ये घराण्यानं तो अवघ्या 50 पौंडांना गावाला दिला. आतलं सामान त्यामुळे बरंचसं पुन्हा गोळा केलेलं किंवा त्या काळच्या नमुन्यावर केलेलं. पाहण्यासारखं आहे ते शेवटचं लांबलचक चित्रदालन आणि त्याचं रंगवलेलं लाकडी छत. तासाभरात होतो. एरवी तिकीट प्रौढांना 8 युरोंच्या आसपास, 60 च्या पुढे आणि विद्यार्थ्यांना कमी. बुधवारी मोफत असला तरी काउंटरवरून तिकीट घ्यावंच लागतं, आणि तिथंच सांगा की एकीला पायऱ्या नकोत, म्हणजे ते सोयीचा मार्ग सांगतील. मागची पन्नास एकरांची बाग रोजच मोफत.

किल्ल्यासमोर जुन्या तबेल्यांत डिझाइन सेंटर आहे. दुकान महाग, पण शेजारचं राष्ट्रीय हस्तकला दालन पाहायला पैसे लागत नाहीत. बटलर गॅलरीही मोफत. जुनी माहितीपत्रकं तिला किल्ल्याच्या तळघरात दाखवतात. ती 2020 मध्ये नदीपलीकडे जॉन्स की या धक्क्यावरच्या इव्हान्स होममध्ये गेली. किल्ल्यात शोधत बसू नका.

मग हाय स्ट्रीट. थॉल्सल हे घड्याळाच्या मनोऱ्याचं जुनं नगरगृह, 1761 चं, खाली कमानींचा ओटा. पाऊस आला तर हक्काचा आडोसा. जवळच बटर स्लिप नावाची बोळ आहे, लोणीवाले बसायचे म्हणून हे नाव. तिथं पायऱ्या आहेत आणि ओल्या झाल्या की घसरतं, आईंनी वरूनच पाहावी. कीरन स्ट्रीटला जायला सपाट रस्ताही आहे.

पुढे पार्लमेंट स्ट्रीटवर रोथ हाउस. व्यापाऱ्याचं घर, 1594 ते 1610 या काळात बांधलेलं. एकामागे एक तीन घरं, मध्ये चौक, शेवटी बाग. आपल्या वाड्याची चौकामागून चौक अशी रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे घर लगेच कळतं. किलकेनीत पैसे देऊन पाहण्याची एकच गोष्ट निवडायची तर बरेच जण किल्ला म्हणतील, मी हे म्हणेन. पण आत जिने आहेत. आईंसाठी चौक आणि बाग पुरे.

सेंट कॅनिस. तेराव्या शतकातलं कॅथेड्रल, आणि शेजारी त्याहून जुना गोल मनोरा, सुमारे 30 मीटर उंच. आत जाऊन वर चढता येतं असे प्राचीन मनोरे देशात अगदी थोडे उरले आहेत. आत लाकडी मजले आणि त्यांना जोडणाऱ्या शिडीसारख्या उभ्या पायऱ्या, शंभरावर. एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, वर जागा थोडी. बारा वर्षांखाली प्रवेश नाही. वारा-पावसात मनोरा बंद ठेवतात, म्हणून आकाश स्वच्छ असेल तेव्हाच आधी इकडे या, बाकी क्रम फिरवला तरी चालेल. मनोऱ्याचं तिकीट वेगळं किंवा जोडून मिळतं. तुम्ही जोडून घ्या, आईंना फक्त कॅथेड्रलचं. आत बटलरांच्या समाध्या आहेत, स्थानिक काळ्या दगडात कोरलेल्या. खालच्या रस्त्यावरून थेट येणाऱ्या जुन्या पायऱ्या टाळा, डीन स्ट्रीटच्या बाजूनं वळसा घालून या.

परतताना ब्लॅक ॲबी. 1225 साली स्थापन झालेला डॉमिनिकन मठ, आजही चालू, प्रवेश मोफत. रोझरीची रंगीत काचेची भलीमोठी खिडकी आहे, देशातली सगळ्यात मोठी मानतात. ऊन असेल तर दुपारी इथे थांबाच. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहायचं, फिरायचं नाही. तिथून बाहेर पडताना ब्लॅक फ्रिरन गेट लागतं, तटबंदीचं उरलेलं एकमेव दार.

मिडिव्हल माइल म्युझियम (जुनं सेंट मेरी चर्च) चांगलं आहे, पण तुमच्या बजेटात रोथ हाउस किंवा हे, दोन्ही नको.

भाकरतुकडा

खाण्याचं कुणी विचारलं नाही, पण शाकाहारी म्हटल्यावर सांगायलाच हवं.

न्याहारीच्या ताटात 'ब्लॅक पुडिंग' आणि 'व्हाइट पुडिंग' असतं. नाव गोड असलं तरी पदार्थ गोड नाही. ब्लॅक म्हणजे डुकराचं रक्त, चरबी आणि धान्य घालून केलेलं सॉसेज, व्हाइटमध्ये रक्त नसतं पण मांस असतंच. अंडं, बीन्स, टोमॅटो, मश्रूम, टोस्ट आणि बटाट्याचे हॅश ब्राउन एवढं मागा. आणि वेगळ्या तव्यावर शक्य आहे का ते आदल्या रात्री विचारा, सकाळच्या घाईत ते जमत नाही.

सूप: 'व्हेजिटेबल सूप' पाटीवर असलं तरी त्यात चिकनचा स्टॉक असू शकतो. 'स्टॉक कशाचा?' असं थेट विचारा. चिप्स: काही जुन्या चिप्सच्या दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात. 'तेल वनस्पतीचं का?' हा प्रश्न तिथं नवा नाही, कुणी नाराज होत नाही.

बिनधास्त खायचं ते ब्राउन ब्रेड. सोडा आणि ताक घालून भाजलेला, यीस्ट नसतो. आपल्या तोंडाला लगेच रुचतो. गुरुवारच्या बाजारात किंवा बेकरीत अर्धी वडी घ्या, बरोबर चीज, टोमॅटो, सफरचंद. दोघींचं दुपारचं जेवण सात-आठ युरोंत. किल्ल्याच्या बागेत बाकडी आहेत.

दुकानं: स्टेशनलगतच्या मॅकडॉना जंक्शन संकुलात डन्स, गावाच्या मध्यावर मार्केट क्रॉसमध्ये सुपरव्हॅल्यू. संध्याकाळी जेवायला बाहेर जाणार असाल तर साधारण पाच ते सात या वेळेत 'अर्ली बर्ड' मेन्यू पाहा, दोन पदार्थ ठरावीक दरात. पबचं स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होतं, साडेआठला पोचून मेन्यू मागू नका. कीरन स्ट्रीटवर पबमध्ये संगीत असतं, त्याला तिकीट नाही. एक पेय घेऊन तासभर बसता येतं, ते चहा किंवा लिंबू सरबत असलं तरी चालतं.

पाणी: नळाचं पिण्यायोग्य, बाटली घरून आणा. विकत घेतली तर 500 मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीवर 15 सेंट आणि त्याहून मोठीवर 25 सेंट अनामत लागते. सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकामी बाटली टाकून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर वटवायची. बाटली चेपली तर यंत्र वाचत नाही आणि पैसे जातात.

घाटमाथा

इतकं नेमकं मिळेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार. तारीख पहिला बुधवार-गुरुवार अशी बदलते. अजून चार शंका:

स्मिथविक्सची ब्रुअरी फेरी करावी का? डनमोर गुहा की जरपॉइंट ॲबी? हेरिटेज कार्ड घ्यावं का? आणि आईकडे भारतीय बँकेचं कार्ड आहे, ते चालेल का?

ओसरी

कार्ड चालतं. पण यंत्र विचारतं, रुपयांत भरायचे की युरोत. नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की दुकानाकडची विनिमय कंपनी आपला दर लावते आणि तो बँकेपेक्षा वाईट असतो. टॅक्सी आणि बाजारासाठी चाळीसेक युरो रोख जवळ असू द्या.

दगडीपान

ब्रुअरी: 1710 पासूनचं नाव, पण बिअर आता तिथं बनत नाही. 2013 च्या शेवटी उत्पादन डब्लिनला गेलं. फेरीच्या तिकिटात बिअरचा ग्लास धरलेला. ती प्यायची नसेल तर या बजेटात नको. त्याच आवारात सेंट फ्रान्सिस ॲबीचे अवशेष आहेत, ते बाहेरून फुकट दिसतात.

डनमोर की जरपॉइंट: तुमच्यासाठी जरपॉइंट, दुसरा विचार नको. डनमोर गुहा गावाच्या उत्तरेला दहा-अकरा किलोमीटरवर, सोयीची बस नाही, टॅक्सी दोन्ही वेळा करावी लागते आणि आत ओल्या पायऱ्यांचे लांबच लांब टप्पे आहेत. गुडघ्यांसाठी वाईट.

जरपॉइंटला जायला टॉमसटाउनची गाडी घ्या. किलकेनीच्या पुढचंच स्टेशन, पाव तासाच्या आत पोचते. तिथून मठ दोन-अडीच किलोमीटर, रस्ता सपाट पण गाड्यांचा. पदपथ नसेल तिथं उजव्या बाजूनं चाला, म्हणजे गाड्या समोरून दिसतात. बाराव्या शतकातला सिस्टर्शियन मठ, छप्पर गेलेलं. त्याचं खरं धन ओवरीच्या खांबांवर आहे: संत, सरदार, बायका, पोटदुखीनं वाकलेला म्हणून ओळखला जाणारा एक माणूस, काही चेहरे तर तळहाताएवढे. खांब एकेक करून पाहा. घाईनं फिरलात तर अर्धा तास, नीट पाहिलंत तर दीड. सगळं जमिनीच्या पातळीवर आहे, आईंना त्रास नाही. गवत ओलं असतं, कापडी बूट नकोत. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि हिवाळ्यात बंद असतो. ऑक्टोबरमध्ये उघडा, तरी त्या आठवड्याची वेळ बघून निघा.

हेरिटेज कार्ड: हे ओपीडब्ल्यूच्या वास्तूंच्या प्रवेशाचं कार्ड, वर्षभर चालतं. प्रौढांचं 40 युरोंचं कार्ड या दोन दिवसांत वसूल होत नाही. विद्यार्थ्यांचं 10 युरोंचं मात्र घ्याच. तुम्ही वर्षभर देशात आहात, डब्लिनची किलमेनम तुरुंगाची आणि ब्रू ना बोन्या या प्राचीन दफनस्थळाची फेरी धरली की तिथंच पैसे फिटतात. तुरुंगाला कार्ड असलं तरी वेळ आधी आरक्षित करावी लागते.

आता एक विनंती. स्टेशनशेजारचं मॅकडॉना जंक्शन सगळे खरेदीचं संकुल म्हणून ओलांडतात. ती दगडी इमारत 1842 चं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायची जागा आहे. 1300 माणसांसाठी बांधलं आणि दुष्काळाच्या वर्षांत तिथं चार हजारांवर माणसं कोंबली गेली. संकुलाच्या बांधकामाआधीच्या उत्खननात, 2005-06 च्या सुमारास, साडेनऊशेहून जास्त माणसांचे सांगाडे सापडले, त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. 2010 मध्ये त्यांचं पुन्हा दफन केलं गेलं. आवारात स्मृतीची जागा आहे. परतीच्या गाडीला वेळ असेल तर फलाटावर बसण्यापेक्षा ती वीस मिनिटं तिथं द्या.

अजून एक दुरुस्ती, कारण पबच्या पाटीमुळे बरेच जण चुकीचं सांगतात. कीरन स्ट्रीटवरचा पब जिच्या नावाचा आहे त्या ॲलिस काइटलरवर 1324 मध्ये चेटुकाचा आरोप झाला, पण ती पळून गेली. जाळली गेली ती तिची दासी, पेट्रोनिला. 3 नोव्हेंबर 1324. मालकिणीचं नाव पाटीवर राहिलं. दासीचं नाव आपण तरी घ्यावं.

पायवाट

@दगडीपान, पेट्रोनिलाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

रूळ_आणि_रस्ते

दोघींचा हिशेब मांडतो. आकडे अंदाजे, पण थोडे वरच्या बाजूचे धरलेत:

डब्लिन-किलकेनी येणं-जाणं 55
ट्विन खोली, न्याहारीसह 90
किल्ला (पहिला बुधवार) 0
कॅथेड्रल दोघींना, मनोरा एकीला 16
टॉमसटाउन येणं-जाणं 20
जरपॉइंट, एक ज्येष्ठ आणि एक विद्यार्थी 7
जेवणं, चहा, बाजार 55

बेरीज 243. सात युरो उरतात. रोथ हाउस यात नाही. ते हवं असेल तर संध्याकाळचं एक बाहेरचं जेवण सुपरमार्केटच्या खाण्यावर भागवा. जरपॉइंटला टॅक्सी केली तर मात्र बजेट ओलांडेल. खोली 100 ची निघाली तरी ओलांडेल, म्हणून आधी खोली पक्की करा, मग ट्रेन, बाकी सगळं जागेवर.

गुरुवारी टॉमसटाउनहून परतताना किलकेनीत उतरायची गरज नाही, तीच गाडी पुढे डब्लिनला जाते. म्हणजे तिकीट किलकेनी-टॉमसटाउन एकेरी आणि टॉमसटाउन-डब्लिन एकेरी असं काढून पाहा. वरच्या हिशेबापेक्षा काही युरो कमी पडायची शक्यता आहे. पण मग बॅगा जरपॉइंटला बरोबर न्याव्या लागतील. पाठीवरच्या छोट्या असतील तरच हे करा. आणि मग वर्कहाउस बुधवारी, आल्या आल्या.

घाटमाथा

दोघींच्या पाठीवरच्याच आहेत, एकेकीची सात-आठ किलोची. एकेरी तिकिटांचंच बघते. खोलीसाठी आज तीन ठिकाणी ईमेल टाकले: तळमजला, बॅगा, शाकाहारी न्याहारी. बुधवारी पाऊस लागला तर क्रम कसा ठेवू?

पायवाट

छत्री आणू नका, नदीवरच्या वाऱ्यात उलटते. टोपीचा रेनकोट आणा. सकाळी पाऊस असेल तर: वर्कहाउस, बटलर गॅलरी (स्टेशनकडून येताना पुलाच्या अलीकडे नदीकाठानं जायचं), मग किल्ला आतून, ब्लॅक ॲबी. थांबला की लगेच मनोरा, कारण पुन्हा पाऊस लागला तर तो बंद. दिवसभर लागला तर मनोरा गुरुवारी सकाळी बाजाराआधी, आणि जरपॉइंटची गाडी दुपारची. किल्ल्याखालचा नदीकाठचा कॅनॉल वॉक मात्र जोराच्या पावसानंतर सोडा, नोरचं पाणी वाढलं की वाट चिखलाची होते.